ज्याचा नारळ त्याचं मशीन

नोकरी मागणारा माणूस किती चिडू शकतो, हे मला खिडकीमागं बसून कळलं. साठीच्या दशकात नागपुरात बेकारांची नावं नोंदवायच्या सरकारी कार्यालयात मी कारकून म्हणून लागले. शेतीची कामं संपली की गावाकडची पोरं शहरात यायची, रांग रस्त्यापर्यंत जायची, आणि ‘पुढच्या महिन्यात या’ हे पुन्हा पुन्हा ऐकलेला कुणीतरी दगड उचलायचा. खिडकीची काच नवी बसली की आम्ही कारकून आपसात पैजा लावायचो, ही किती दिवस टिकते म्हणून. एकदा एकानं जाळीच्या फटीतून हात घालून माझी वेणी धरली आणि माझं कपाळ टेबलावर आपटलं. मी हाताशी असलेलं पंचिंग मशीन त्याच्या बोटांवर हाणलं. तो ओरडला, मीही ओरडले. मग मी त्याचं नाव नोंदवून घेतलं, कारण रांगेत पुढचा नंबर त्याचाच होता.

माझा बाप कापूस पिकवणारा आणि मारकुटा. मार खायची सवय मला घरूनच होती, मार द्यायची सवय सरकारनं लावली असं मी गमतीनं म्हणते. पण त्या खिडकीतून एक गोष्ट मला रोज दिसायची आणि तिची गंमत वाटत नसे. दोन पोरं एकाच शाळेतून, सारख्याच मार्कांनी यायची. एकाला कारखान्यातून मशीनवर बोलावणं यायचं, दुसऱ्याला झाडू मारायला. दुसरा कुठल्या वस्तीतला ते पत्त्यावरूनच कळायचं.

खात्याच्या परीक्षा देत मी वर सरकले आणि सत्तरीच्या दशकात मला जीप मिळाली. काम असं होतं की कायद्यानं कारखान्यांना शिकाऊ कामगार घेणं भाग होतं, त्यात मागास वस्त्यांतली पोरं घेणंही भाग होतं, आणि त्यांना खरोखर काही शिकवलं जातं का ते मी पाहायचं. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा शेडमागून शेड उभी राहत होती. कारखानदार पोरं घ्यायचे, कागदावर सही करायचे आणि पोरांच्या हाती चहाची केटली द्यायचे. एका ठिकाणी टर्नर व्हायला आलेला पोरगा मला संडास धुताना सापडला. मी त्याच्या हातातला खराटा घेऊन मॅनेजरच्या टेबलावर आपटला आणि टेबलाची काच तडकली. माझ्याविरुद्ध तक्रार वर गेली, वरून मला कानउघाडणी खाली आली. सरकारी जीपचं इंजिन आणि मी, दोघंही लवकर तापायचो.

पुढं मी या खात्यात बरीच वर चढले. केबिन मिळाली, शिपाई मिळाला, समान संधी या विषयावर मुंबई-दिल्लीला भाषणं करायला बोलावू लागले. मी करायचे भाषणं. पण त्या विषयातलं जे काही मला कळलं ते हिंगण्याच्या एका शेडमध्ये, एका खंडेनवमीला कळलं, आणि ते भाषणात सांगण्यासारखं नव्हतं.

तो कारखाना पंपांचे सुटे भाग करायचा. लोखंड कातायच्या लेथ मशीनच्या खात्यात आठ मशीनं होती आणि त्या सगळ्यांवर एक म्हातारे मिस्त्री होते. ते कामठीचे. बापाचे हातमाग बंद पडले म्हणून ते लोखंडात आले होते. स्वभावानं देवभोळे, गळ्यात तुळशीची माळ, आणि शिकवायला बसले की हात उगारणारे. पण मारताना ते जात पाहायचे नाहीत, आणि त्या वसाहतीत तेवढं पुष्कळ होतं. मी पाठवलेल्या चार शिकाऊ पोरांपैकी एकाला त्यांनी स्वतःच्या मशीनवर घेतलं होतं. तो बौद्ध वस्तीतला, विशीतला तरुण. बाप नव्हता, आई कामठी रस्त्याला विड्या वळायची. बाकीचे टर्नर त्याला मशीनला हात लावू देत नसत, कातलेल्या लोखंडाचा बुरादा उचलायला लावत. म्हणून मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत आपला डबा बाजूला ठेवून त्याला मशीनवर उभा करायचे. वर्षभरात तो तयार झाला. मिस्त्री मला म्हणाले होते, याचा हात माझ्या पोऱ्यापेक्षा बरा आहे.

मिस्त्रींचा मुलगाही त्याच खात्यात टर्नर होता. कामाला वाईट नव्हता. त्याचं मशीन जुनं, झिजलेलं होतं आणि बापाचं मशीन खात्यात सगळ्यात चांगलं. बाप वरच्या जागेवर गेला की ते मशीन आपलंच, या आशेवर तो कित्येक वर्षं थांबला होता. त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

या खात्यात एक रीत होती. खंडेनवमीला मशीनं रॉकेलनं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू वाहायचं, आणि प्रत्येक मशीनपुढं नारळ फोडायचा. ज्यानं नारळ फोडला त्याचं ते मशीन, पुढच्या खंडेनवमीपर्यंत. मॅनेजरनं हुकूम काढला तरी त्या माणसाला कुणी मशीनवरून हलवायचं नाही. ऑफिसच्या कागदाला तिथं कुणी विचारत नसे, नारळाला विचारत. त्या वर्षी मिस्त्री वरच्या जागेवर जाणार होते आणि त्यांचं मशीन रिकामं होणार होतं. शिकाऊ पोराची मुदतही संपत आली होती. मशीन मिळालं तर तो टर्नर म्हणून लागणार, नाही मिळालं तर वर्षभर शिकलेलं पाण्यात, पुन्हा माझ्या जुन्या खिडकीपुढच्या रांगेत.

खंडेनवमीला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मी गेले तेव्हा सगळे हातपाय धुऊन, डोक्यावर टोप्या-रुमाल घालून उभे होते. एकेका मशीनचा नारळ फुटत गेला. शेवटी मिस्त्रींचं मशीन आलं. त्यांचा मुलगा एक पाऊल पुढं सरकला. मिस्त्रींनी त्याच्याकडं न पाहता नारळ उचलला आणि त्या शिकाऊ पोराच्या हातात दिला.

मिस्त्रींनी त्याला आधी विचारलं नव्हतं. का विचारतील? देवाचं काम करायचा मान मिळतोय आणि माणूस नाही म्हणेल, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. ज्या गावात दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र लोटतो, त्या गावाच्या शेजारी त्यांचा जन्म गेला होता. हिंदू देवांची पूजा करणार नाही अशी शपथ ती माणसं तिथं घेतात, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. रस्ते बंद असतात, एवढंच त्यांना माहीत. पोराचं भलं करायला निघालेल्या त्या म्हाताऱ्यानं त्याला करता येणार नाही अशी एकच गोष्ट नेमकी त्याच्या हातात ठेवली. मला ते दिसलं, पण नारळ तोवर दिला गेला होता.

पोरानं नारळ दोन्ही हातांनी धरला. मग तो अगदी हळू, आवाज होऊ न देता, खाली ठेवला आणि हात जोडले.

“मिस्त्रीजी, मले मशीन द्या. नारळ नका देऊ,” तो म्हणाला. “मले पूजा करता येत नाही.”

पहिली थप्पड कुणी मारली ते मी पाहिलं नाही. त्यानंतरचं सगळं पाहिलं. आपल्यातल्यांना डावलून ज्याला मान दिला तो मान पायाशी ठेवतो, एवढंच त्या लोकांना दिसलं. मशीन पाहिजे आणि देव नाही पाहिजे काय, असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळेच तुटून पडले. लाथांनी, बुक्क्यांनी, पट्ट्यांनी. ज्यांच्याशी मी घटकाभरापूर्वी बत्तासे खात बोलले होते ती माणसं. पोरगा मशीनच्या पायाशी पडला आणि त्यानं गुडघे पोटाशी घेतले. मी पूजेचं पितळी ताट उचललं आणि समोर येईल त्याच्या पाठीत घालत सुटले. कुंकू आणि रक्त यांतला फरक अशा वेळी कळत नाही असं लोक लिहितात. मला चांगला कळत होता. रक्त चिकट असतं आणि त्यावर पाय घसरतो.

मिस्त्रींच्या मुलाच्या हातात मोठा पाना होता. त्यानं तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलला. हे मशीन माह्या बापाचं होय, असं तो म्हणाला, आणि ते सांगताना तो रडत होता. पाना पोराच्या डोक्यावर येणार तेवढ्यात मिस्त्री मध्ये पडले. त्यांनी उजवा हात पोराच्या डोक्यावर पसरला. पाना त्या हातावर बसला.

तो आवाज मी कधी विसरले नाही. सगळे थांबले. मिस्त्रींनी आपल्या हाताकडं पाहिलं, मग मुलाकडं, आणि ते तिथंच खाली बसले.

दसऱ्याची सुट्टी संपायच्या आत मॅनेजरनं आपला निवाडा करून टाकला होता. शिकाऊ कामगारानं धर्माचा अपमान करून दंगल पेटवली, धक्काबुक्कीत मिस्त्री पडून जखमी झाले. चौकशी नावापुरती करून पोराला काढून टाकायचं, बाकीच्या तिघांनाही. मी तिथं होते, मी डोळ्यांनी पाहिलं, असं मी ठणकावून सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही त्यांच्याच बाजूच्या, तुमचं कोण ऐकणार? शिवाय पोराच्या अर्जावर जुनी जात आणि हिंदू धर्म लिहिलेला आहे. कागदावर हिंदू आणि नारळ फोडायला बौद्ध, हे कसं? सरकारी सवलतीसाठी त्या वस्तीतल्या शेकडो पोरांना तसं लिहावं लागायचं, हे त्यालाही माहीत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यानं एक वाट ठेवली. पोरानं सगळ्यांपुढं माफी मागून नारळ फोडावा, मग प्रकरण मिटवू.

हा निरोप घेऊन मी त्याच्या घरी गेले. डोक्याला टाके, एक डोळा सुजून बंद. तो भिंतीला टेकून बसला होता आणि आई विड्या वळत होती. मी निरोप सांगितला, आणि माझ्या मनातलंही सांगितलं. म्हटलं, एक नारळ आहे, फोडून टाक, जन्माची भाकर लागेल. आईनं सूप खाली ठेवलं.

“याच्या बापानं घरचे देव नेऊन विहिरीत टाकले, तवा गावानं आमचं पाणी तोडलं,” ती म्हणाली. “आमाले मारलं, गावातून हाकललं. आता एका मशीनसाठी काढू काय वं बाई त्यायले बाहेर?”

मी उठले. बाहेर वस्तीतली पोरं जमली होती. ती कारखाना जाळायच्या गोष्टी करत होती, आणि सरकारी बाई म्हणून माझ्या जीपवरही दोन दगड पडले. कारखान्याच्या बाजूनं माझ्या घराच्या दारावर डांबर फासलं गेलं. त्या आठवड्यात माझ्यावर कोण चिडलेलं नव्हतं ते सांगणं सोपं होतं. चिडलेलं नाही असं कुणीच नव्हतं.

आता उरले एकटे मिस्त्री. त्यांचा शब्द ऑफिसही मानायचं आणि खातंही. मी दवाखान्यात गेले. हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बोटं पुन्हा वळणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. मी खाटेजवळ उभी राहून बोलत राहिले. चौकशीत तुम्ही खरं सांगितलं नाही तर पोरगा गेला, म्हटलं. मग ते भिंतीलाच म्हणाले,

“तुम्ही सांगसान तं कोणी मानणार नाही. मी सांगीन तं माह्यं घर जाईन.”

मी त्यांना आणखी आग्रह केला नाही. तापट असले तरी एवढं मला कळतं की बापाला तसं कुणी सांगू नये.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. टेबलामागं मॅनेजर, कोपऱ्यात पोलीस जमादार, खुर्चीवर मी, भिंतीशी डोकं बांधलेला पोरगा. दाराशी मिस्त्रींचा मुलगा उभा होता आणि त्याच्यामागं खात्यातले टर्नर गर्दी करून होते. मिस्त्री आले. प्लास्टरचा हात त्यांनी दुसऱ्या हातानं उचलून टेबलावर ठेवला. मॅनेजरनं उत्तर घालूनच प्रश्न विचारला. गर्दीत धक्का लागला, तुम्ही पडलात आणि मशीनवर हात आपटला, बरोबर ना? नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “माह्या पोऱ्यानं मारलं. पाना याच्या डोक्यावर येऊन राहिला होता. मी हात मधात घातला.”

मॅनेजर म्हणाला, मिस्त्री, विचार करून बोला, पोलीस बसले आहेत.

“विचार करूनच आलो, साहेब. मशीन माह्यं होतं. मी ते याले देऊन राहिलो. नारळाचं काय ते देव आणि मी पाहून घेऊ.”

मी मुलाकडं पाहिलं. तो बापाच्या अंगावर धावून जाईल म्हणून मी खुर्चीतून अर्धी उठले होते. तो धावला नाही. त्यानं दाराच्या चौकटीवर आपलं कपाळ आपटलं, एकदा, आणि मग पुन्हा पुन्हा, जमादारानं धरेपर्यंत. त्याला घेऊन गेले. त्याची नोकरी गेली, पुढं खटलाही झाला. पोराला आणि बाकीच्या तिघांना काढायचा बेत मॅनेजरला सोडावा लागला.

मिस्त्रींना कंपनीच्या बसमध्ये कुणी बसू देईना, म्हणून मी त्यांना जीपमध्ये घातलं. हिंगण्याच्या फाटकाशी खात्यातल्याच लोकांनी जीपवर दगड टाकले. पुढची काच फुटली आणि तिचे तुकडे आम्हा दोघांच्या मांडीवर पडले. मिस्त्रींनी डाव्या हातानं ते एकेक वेचून बाहेर टाकले. शहरातलं लकडगंज मागं पडलं. दुसरीकडं कुठं राहता का, माझ्या घरी चला, असं मी म्हटलं. नाही म्हणाले, घरीच सोडा.

कामठीला त्यांच्या गल्लीत जीप थांबली तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. सगळी दारं उघडी होती आणि दारादारांत माणसं उभी होती. मिस्त्रींची बायको उंबऱ्यावर होती. मी त्या घरी पूर्वी दोनदा चहा घेतला होता आणि मला तिचा चेहरा माहीत नव्हता. नवऱ्यापुढं तिचा पदर कधी कपाळाच्या वर गेलेला मी पाहिला नव्हता. आज पदर खांद्यावर होता. मिस्त्री पायरीशी गेले आणि थांबले. तिनं हात उचलला आणि सगळ्या गल्लीदेखत त्यांच्या तोंडात मारली. मग दुसरी मारली. मिस्त्रींनी मान खाली घातली नाही आणि चुकवलीही नाही, मुकाट्यानं घेतली. तिसऱ्या वेळी तिचा हात उचललेला राहिला. तिनं प्लास्टरकडं पाहिलं, त्यातून बाहेर आलेल्या काळ्यानिळ्या बोटांकडं पाहिलं. मग तिनं त्यांना कोपराखाली धरलं आणि पायरी चढवली.

दारातून मिस्त्री माझ्याकडं वळले.

“उद्या पहिल्या पाळीले तुम्ही तिथं उभ्या राहा, बाई,” ते म्हणाले. “त्याले मशीनवर चढू देतीन का नाही, काही सांगता येत नाही.”

मी परत येताना जीप रस्त्याच्या कडेला लावून रडले. मला त्या बाईचा राग येत नव्हता, मुलाचाही येत नव्हता. ज्या कायद्याची मी नोकरी करत होते त्याची किंमत एका म्हाताऱ्या घरानं भरली होती आणि कायद्याला ते कधी कळणारही नव्हतं, याचा संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला मी शेडमध्ये उभी होते. मिस्त्रींच्या मशीनवर सुकलेली झेंडूची माळ तशीच होती. पोरानं ती काढून नीट घडी केल्यासारखी बाजूला ठेवली, मशीनचा बेड पुसला, घडवायचा लोखंडी तुकडा चकमध्ये आवळला. एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता. त्यानं स्विच दाबला आणि मशीन फिरायला लागलं. त्याच क्षणी शेजारच्या टर्नरनं आपलं मशीन बंद केलं. मग त्याच्या पुढच्यानं. मिस्त्रींच्या मुलाचं मशीन रिकामंच होतं; एकामागून एक बाकीची सहाही थांबली, आणि सहाही जण हाताची घडी घालून त्याच्याकडं पाहत उभे राहिले.

त्यानं मान वर केली नाही. हत्यार पुढं सरकवलं आणि पहिला काप घेतला. मी दिवसभर तिथून हलले नाही. संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत त्या शेडमध्ये एकच मशीन चालत होतं.